२२ जणांची पार्टी, ८ तिकिटं, २० मिनिटं : जावं का?

मास्तर_नवापूरकर:
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी लिहितोय, आणि लिहितोय ते अडलंय म्हणून.

मी नवापूर तालुक्यात शिक्षक. आमच्या गावची सोंगाड्या पार्टी आहे. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात या पार्ट्या रात्रभर खेळ करतात. आधी गाणी आणि नाच, मग नाटक, आणि मधूनमधून सोंगाड्या येऊन सरपंचापासून माझ्यापर्यंत सगळ्यांची उतरवून जातो. बायकांची कामं पुरुषच करतात. आमच्या पार्टीची भाषा मावची, अधेमधे अहिराणी नि गुजराती, आणि पोलीस पाटील पुढ्यात बसले असतील तर मराठी. एकूण २२ जण. कागदपत्रांचं खातं माझ्याकडे, कारण पॅन कार्डावरचं आणि बँकेतलं नाव एकच लागतं हे दर वर्षी नव्याने पटवून द्यावं लागतं.

तर आता दक्षिणेतल्या एका मोठ्या शहरातून आंतरराष्ट्रीय नाट्य-नृत्य महोत्सवाचं बोलावणं आलंय. त्यांच्या माणसाने गेल्या हिवाळ्यात आमचा खेळ पाहिला होता. (पहाटे २ ला गाडीत जाऊन झोपला, पण माणूस चांगला.) युरोपातली एक समकालीन नर्तकी आणि आमची पार्टी यांनी मिळून काहीतरी करायचं. वेळ २० मिनिटं. माणसं ८. तालमीला तिथेच ३ दिवस. जाणं-येणं, राहणं, जेवण त्यांच्याकडे. मानधनही बरं आहे.

पार्टीत दोन तट पडलेत. पोरं म्हणतात चला. आमचे एक दादा आहेत, ४० वर्षं बाईचं काम करतात. संध्याकाळी अंगणात आरसा टेकवून बसतात, नातू मोबाइलची बॅटरी धरतो, आणि ते गालावरून वस्तरा असा फिरवतात की बघणारा श्वास धरतो. ते एवढंच म्हणाले, "२० मिनिटं तर माझ्या दाढीलाच लागतात."

जावं का? आणि जायचं तर १४ जणांना नाही कोणी म्हणायचं? मी म्हणणार नाही, आधीच सांगतो.

केळी_बागायतदार:
जा की मास्तर! आमच्या रावेरची केळी परदेशी जातात ती काय अख्ख्या घडाने जातात? फण्या काढायच्या, धुवायच्या, डाग असलेल्या बाजूला टाकायच्या, खोक्यात भरायच्या. ८ जण म्हणजे एक खोकं समजा.

कडू_कारलं:
घड काढल्यावर खोड कापून टाकतात, तेही सांगा की बागायतदार.

केळी_बागायतदार:
बुडाला पील असतं कारलेबुवा. पुढचा घड त्याला येतो. शेतीवर बोलू नका, नाटकावर बोला.

तापीकाठ:
मास्तर, इतला ईचार कसाले करी राहिनात? जाईसन दखा. नही पटनं ते गाडी शेच की परत येवाले.

एक_अमळनेरकर:
नवापूर स्टेशनवरचं ते बाकडं, अर्धं महाराष्ट्रात नि अर्धं गुजरातेत. त्यावर मधोमध बसलं की सांस्कृतिक देवाणघेवाण झालीच. मानधन मात्र कोणत्या राज्याकडे मागायचं ते विचारून घ्या.

नाट्यवेडी_जळगाव:
गंमत बाजूला ठेवून लिहिते.

नाट्यदिग्दर्शक हबीब तन्वीरांचं उदाहरण इथे सगळ्यांत जवळचं आहे. छत्तीसगढचं 'नाचा' हे लोकनाट्य करणाऱ्या गावकलावंतांना घेऊन त्यांनी काम सुरू केलं, तेव्हा सुरुवातीला त्यांच्याकडून हिंदी बोलवून घेतलं, इथून तिथे चाला, या जागी थांबा, असं बसवायला गेले. एरवी हजार माणसांना खिळवून ठेवणारी ती माणसं अवघडून गेली. काही वर्षांनी तन्वीरांनाच कळलं की चूक आपली आहे. मग छत्तीसगढीच ठेवली, हालचाली त्यांच्यावर सोडल्या. 'चरणदास चोर' त्यातून उभं राहिलं आणि १९८२ साली एडिंबरोच्या फ्रिंज महोत्सवात त्याला 'फ्रिंज फर्स्ट' हा पुरस्कार मिळाला. तिथल्या प्रेक्षकाला छत्तीसगढी कुठून येणार? पण ती माणसं रंगमंचावर आपल्या घरात वावरावं तशी वावरत होती, ते त्याला दिसलं असणार.

म्हणून मास्तर, ८ का १० हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. तिथे तुमच्या लोकांना कुठे उभं राहायचं हे कोण सांगणार आहे, ते आधी विचारा. आणि ३ दिवस? हबीबसाहेबांना वर्षं लागली.

कडू_कारलं:
नाट्यवेडीताई, तन्वीर १० वर्षांतून एखादा निघतो. बाकीचे 'लोककलेचा स्पर्श' शोधत हिंडतात. प्रयोगाच्या पत्रकावर त्या नर्तकीचं नाव मोठ्या टायपात येणार आणि खाली "सोबत : खान्देशातील आदिवासी कलाकार". पैज लावा, एक प्लेट शेवभाजी.

भरीत_पार्टी:
पैज मान्य, पण शेवभाजी तुमच्या घरची नको, ढाब्यावरची. घरची तिखट नसते.

मास्तर_नवापूरकर:
कारलेबुवा, पत्रकाचा मसुदा आलाय. तुम्ही लिहिलंय जवळपास तेच आहे. 'खान्देश'ही नाही, 'पश्चिम भारतातील' आहे.

कडू_कारलं:
भरीतराव, ढाबा कुठला ते कळवा.

परदेशस्थ_पाटील:
मूळ गाव चोपडा, गेली १५ वर्षं जर्मनीत. महोत्सवांना प्रेक्षक म्हणून भरपूर हिंडलोय, म्हणून आयोजकांची बाजूही थोडी मांडतो.

२० मिनिटं हा बहुतेक वेळा अपमान नसतो. एका संध्याकाळी २-३ छोटे प्रयोग लागोपाठ ठेवतात. मध्ये सामान हलवायला वेळ लागतो, दिवे पुन्हा लावावे लागतात. शिवाय अशा ठिकाणी इतर महोत्सवांचे लोक माल बघायला यावेत तसे आलेले असतात. त्यांना आवडलं तर पुढची बोलावणी येतात. म्हणजे हा बाजारही आहे, आणि बाजारात नमुना दाखवतात. सारंगखेड्याला घोडा घेताना आपण काय करतो? दोन फेऱ्या मारायला लावतो, दात बघतो.

तापीकाठ:
दादाना दात दखाले येतीन का मग? 😄

रंगपेटी:
दादांबद्दल वाचून राहवलं नाही. मी जळगावात हौशी नाटकांची रंगभूषा करतो. आपल्याकडच्या खुल्या नाट्यगृहाला बालगंधर्वांचं नाव आहे, आणि त्यांचं, म्हणजे नारायणराव राजहंसांचं, लहानपणीचं शिक्षणही काही काळ जळगावात झालेलं. ज्या गावात पुरुषाने स्त्री उभी करण्याचं एवढं कौतुक आहे, तिथून तासाभराच्या... बरं, ३-४ तासांच्या अंतरावर हे दादा ४० वर्षं तेच करताहेत आणि आपल्याला पत्ता नाही. मग बाहेरच्या माणसाने येऊन शोधलं की आपण धागा काढतो.

जपानच्या काबुकीत स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषांना ओन्नागाता म्हणतात. तिथे ती पिढ्यान्‌पिढ्या शिकवायची विद्या आहे. दादांना विचारा, त्यांच्या हाताखाली कोणी शिकतोय का.

अवांतर: तोंडाला काय लावतात? आमच्या गुरुजींच्या वेळी मुर्दाडशिंग उगाळायचे. आता सगळे तयार पॅनकेक.

मास्तर_नवापूरकर:
रंगपेटी, पावडर आणि गावच्या दुकानातली लिपस्टिक. शिकायला कोणी नाही. नातू बॅटरी धरतो तेवढंच.

अक्कलकुव्याची:
मी काठी गावच्या बाजूची. कडू_कारलं यांच्या रागाला माझा पाठिंबा आहे, पण एक फरक करायला हवा.

काठीची राजवाडी होळी. बावा, बुध्या झालेले लोक कमरेला वाळके भोपळे नि घुंगरू बांधून, डोक्यावर मोरपिसांचा टोप घालून, अंगावर ठिपके काढून रात्रभर नाचतात, आणि होळी पेटते पहाटे. फोटो सगळ्यांनी पाहिलेत. फोटोत काय दिसत नाही, तर त्याआधीचे दिवस. ज्याने नवस केलाय तो पाळणी करतो. खाटेवर झोपत नाही, बाईच्या हातचं खात नाही, कितीतरी गोष्टी वर्ज्य असतात. तो टोप म्हणजे वेश नाही, व्रत आहे. एकदा शहरातल्या एका कार्यक्रमात कॉलेजच्या पोरांना तसाच टोप नि भोपळे घालून सिनेमाच्या गाण्यावर नाचताना पाहिलं. माझे वडील शेजारी होते. ते उठले, बाहेर जाऊन उभे राहिले. घरी येईपर्यंत बोलले नाहीत.

म्हणून मला विचाराल तर होळी महोत्सवात नेऊ नये. ज्याला बघायची त्याने यावं. सोंगाड्या पार्टीचं वेगळं आहे. ती लोकांसाठीच असते, सुपारी घेऊन गावोगाव जाते. तिला प्रवासाचं वावडं नाही. तेव्हा दोन्ही एका टोपलीत घालू नका.

नाट्यवेडी_जळगाव:
+१. हे धाग्यात आलं ते बरं झालं.

प्रकाश_धुळे:
मी दिवे आणि ध्वनी बघतो. कलेचं तुम्ही बघा, माझ्याकडून कामाच्या गोष्टी.

एक. समकालीन नृत्यासाठी रंगमंचावर काळी मॅट अंथरतात, नर्तक अनवाणी नाचतात. तुमची माणसं बूट घालून नाचत असतील किंवा घुंगरांच्या तारा उघड्या असतील तर मॅट फाटते आणि तिथला मॅट सांभाळणारा माणूस दिग्दर्शकापेक्षा जास्त ओरडतो. आधी कळवा.

दोन. पेटी, ढोलकीला माइक कुठला लावणार ते विचारा. आमच्याकडे एका गावच्या मंडळींना कानाला अडकवायचे छोटे माइक लावले. गायकाने सवयीप्रमाणे हात कानावर ठेवून तान मारली, आणि पुढची ५ मिनिटं सभागृहात फक्त खरखर.

तीन, सगळ्यांत महत्त्वाचं. भाषांतराच्या ओळी. वर पडद्यावर ज्या इंग्रजी ओळी दिसतात त्या कोणीतरी एकेक बटण दाबून पुढे सरकवत असतो, हातात लिहिलेली संहिता असते. सोंगाड्या संहिता पाळणार आहे का? मी एकदा हे काम केलंय. नटाने पदरचे ४ विनोद घातले, मी मागे पडलो. रंगमंचावर बाप मेला होता आणि पडद्यावर जावई जेवायला बसला होता.

एक_अमळनेरकर:
प्रकाशराव 😂😂 बायको विचारतेय एकटाच काय हसतोस.

केळी_बागायतदार:
मग सोंगाड्याच्या वेळी पडद्यावर नुसतं लिहा : "हा विनोद नवापूरला येऊन ऐकावा."

परदेशस्थ_पाटील:
बागायतदार, तुम्ही गमतीत लिहिलंत, पण खरंच चांगली कल्पना आहे ही.

शेतकरी_पुत्र_पारोळा:
मुळात रात्रभर आजकाल बसतं कोण? आमच्या यात्रेतला तमाशासुद्धा १२ ला गुंडाळतात. परदेशी लोकांकडून कसली अपेक्षा करता. २० मिनिटंच बरोबर आहेत. लोकांना मोबाइल आहे.

परदेशस्थ_पाटील:
असहमत. १९८५ साली फ्रान्समध्ये आव्हिन्योंच्या महोत्सवात इंग्रज दिग्दर्शक पीटर ब्रूकने 'महाभारत' केलं. गावाबाहेरच्या दगडाच्या खाणीत. ९ तास. काही प्रयोग रात्री सुरू करून उजाडेपर्यंत चालवले. लोक तिकीट काढून दगडांच्या मध्ये रात्रभर बसले. आणि बसले कशासाठी, तर आपल्याच गोष्टीसाठी. तेव्हा बसत नाहीत असं नाही. बसायला सांगायची हिंमत लागते.

कडू_कारलं:
आणि त्याच 'महाभारता'वर आपल्याकडचे नाट्यसमीक्षक रुस्तम भरूचांनी झोड उठवली होती, की गोष्ट उचलली पण ती ज्यांच्या जगण्यातली आहे त्यांचं काय. ९ तास ब्रूकला मिळतात, आमच्या दादांना २० मिनिटं. अपमान नसतो म्हणालात ना पाटील?

परदेशस्थ_पाटील:
'बहुतेक वेळा' म्हणालो होतो. पण हा टोला मान्य.

आखाजी_ताई:
सगळे पुरुष पुरुषांशी बोलताहेत म्हणून मध्ये पडते. पार्टीत एकही बाई नाही, आणि येणारी पाहुणी बाई आहे. याचा विचार कोणी केलाय का? तिच्याबरोबर नाचायला पोरं एका पायावर तयार, ते दिसतंच आहे. पण उद्या गावातली एखादी मुलगी म्हणाली मलाही पार्टीत यायचंय, तर?

दादांच्या कलेविषयी पूर्ण आदर ठेवून विचारते. देवाणघेवाण म्हणजे त्यांनी आपल्याकडून नाच न्यायचा एवढंच असतं का? काही आपल्याकडेही यायला हवं ना.

रंगपेटी:
ताई, बाई आली की दादांचं काम गेलं. तमाशात हेच झालं, नाच्या पोऱ्याची जागा बायकांनी घेतली.

आखाजी_ताई:
गेलं का? की दोन्ही राहू शकतं? बाई रंगमंचावर आल्यावरही बालगंधर्वांना लोक विसरले नाहीत.

अक्कलकुव्याची:
आमच्याकडे होळीत बायका नाचतात, गावाच्या मध्ये, सगळ्यांसमोर. हात गुंफून ओळीत. पार्टीतच नाहीत. त्यामुळे 'आमच्या संस्कृतीत नाही' असं कोणी सांगायला लागलं तर ऐकू नका.

पाटणादेवी_रोड:
एक वेगळा अनुभव. काही वर्षांपूर्वी ऑक्टोबरात हेग्गोडूला गेलो होतो, निनासमच्या शिबिराला. शिमोग्याकडे सुपारीच्या बागांतलं खेडं. १९४९ पासून तिथे नाटकाची संस्था आहे, के. व्ही. सुब्बण्णांनी वाढवलेली. १९८५ पासून त्यांची 'तिरुगाट' ही फिरती मंडळी कर्नाटकभर नाटकं घेऊन हिंडते, परदेशी नाटकंही कन्नडमध्ये करते. माझ्या शेजारी एक सुपारीवाले आजोबा बसले होते. नाटक संपल्यावर चहाला भेटले, म्हणाले (मोडक्या हिंदीत), नट चांगला होता पण राजा मरताना घाई केली. जगातलं नाटक त्या माणसाच्या दारात येतं आणि तो त्याला गुण देतो!

आपल्याकडे? २०१८ मध्ये थिएटर ऑलिम्पिक हा आंतरराष्ट्रीय नाट्यमहोत्सव भारतात झाला, ५१ दिवस, १७ शहरं. खान्देशातलं एकही नाही. ठीक आहे, आपण कुठे बोलावलं होतं. पण मास्तर, तुम्ही त्यांच्याकडे जाताय तर त्यांनाही इकडे यायला सांगा. तालीम तिथे ३ दिवस कशाला? त्या बाईंनी नवापूरला यावं, २२ जणांत राहावं. कोणते ८ हा प्रश्न तिलाच पडू दे.

नाट्यवेडी_जळगाव:
हे!! मला मघापासून हेच म्हणायचं होतं, जमत नव्हतं.

जर्मन नृत्यदिग्दर्शिका पिना बाउशचं आठवलं. १९७९ साली तिचा नाच कोलकात्यात झाला तेव्हा प्रेक्षकांनी गोंधळ घातला होता. तरी बाई परत येत राहिली, हिंडली, आणि २००७ मध्ये भारतावरून 'बांबू ब्लूज' केलं. मध्ये २८ वर्षं. आणि आपलं 'तीन पैशाचा तमाशा' घ्या. मूळ लंडनचं १७२८ चं, त्यावरून ब्रेख्तचं बर्लिनला १९२८ मध्ये, त्यावरून पुलंचं १९७८ मध्ये पुण्यात, लावणी-वगासकट. अडीचशे वर्षं लागली तमाशापर्यंत यायला. ३ दिवसांत काय होणार?

शेतकरी_पुत्र_पारोळा:
म्हणजे मास्तरांनी २२२८ पर्यंत थांबायचं का ताई?

नाट्यवेडी_जळगाव:
😄 नको. एक आठवडा पुरे.

तापीकाठ:
ती बाई आठे उनी ते खाई काय? भाकर नि ठेचा? पहिलाच दिन रडी.

भरीत_पार्टी:
हिवाळ्यात या म्हणावं. भरीत मी देतो. कळण्याची भाकरीही.

प्रकाश_धुळे:
आणि इथे मॅट नाही, मातीच. अनवाणी नाचणाऱ्याला खडे टोचतील. आधी झाडून घ्या.

मास्तर_नवापूरकर:
उशीर झाला, माफी. १२ दिवसांनी लिहितोय. पाटणादेवी_रोड यांचा प्रतिसाद मी त्या महोत्सवाच्या माणसाला फोनवर वाचून दाखवला. तो बराच वेळ गप्प होता. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाला, विचारून सांगतो.

सांगितलं ते असं. नर्तकी यायला तयार आहे. जानेवारीत एक आठवडा, राहणं आमच्या शाळेतल्या एका खोलीत. तिची अट एकच, एक पूर्ण रात्रीचा खेळ पाहायला मिळावा. वेळ २० ची ४५ मिनिटं झाली. माणसं ८ ची ११. त्यापुढे पैसे नाहीत म्हणाला, आणि ते मला खरं वाटलं. पत्रकावर आता पार्टीचं नाव आणि गावाचं नाव येणार, तिच्या नावाएवढ्याच अक्षरात. (कारलेबुवा, शेवभाजी तुम्हीच जिंकली आहे, मसुदा तसाच होता.)

११ कोण, ते अजून ठरलं नाही. पण त्याआधी एक झालं. परवा शेजारच्या गावाला खेळ होता. मध्यरात्र उलटल्यावर आमचा सोंगाड्या गॉगल लावून, हातात मोबाइल घेऊन आला. सोबत कागदाची ८ तिकिटं. राजा बोलायला लागला की हा घड्याळ बघून ओरडायचा, "टाइम खलास!" राजा अर्ध्या वाक्यात मरायचा. राणीला म्हणाला, तू नऊवी, तुला तिकीट नाही, तू इथूनच रड. मग चष्मा लावून माझी नक्कल : "पॅन कार्डावर तुझं नाव राजा आहे का? मग मेल्यावर पैसे कोणाच्या खात्यात टाकू?" लोक मातीत लोळले. १४ जणांना नाही कोण म्हणणार हे मी तुम्हाला विचारत होतो, त्याने २२ जणांसमोर आणि अख्ख्या गावासमोर सगळं उघडं करून टाकलं. सकाळी चहाला सगळे एकमेकांशी बोलत होते, महिन्यात पहिल्यांदा.

दादा जाणार नाहीत. इथेच शिकवीन म्हणाले, ती येतेय ना. मग जरा विचार करून म्हणाले, "तिला दाढी करायची नसते, म्हणजे लवकर शिकेल."

आखाजी_ताई:
दादांकडून बाई व्हायला शिकायला बाई येतेय. मास्तर, त्या आठवड्यात गावातल्या मुलींनाही तालमीला बसू द्या. नुसतं बसू द्या, बाकी काही नको.

मास्तर_नवापूरकर:
बसतील ताई. शाळेतच आहे तालीम, अडवणार कोण? मुख्याध्यापक मीच.

आता मदत हवी. जानेवारीत आमच्याकडे रात्री थंडी मरणाची पडते. खेळ उघड्यावर. पाहुणीसाठी आणि महोत्सवाच्या माणसासाठी दोन जाड घोंगड्या लागतील. धुळ्याकडून कोणी येणार असेल तर आणेल का?

प्रकाश_धुळे:
माझ्याकडे आहेत. येतोच आहे मी, माती बघायला. पण एकच आणणार. पहाटे २ ला गाडीत जाऊन झोपणाऱ्याला घोंगडी नाही.